सहीखालचा लाल गोल

१

नर्स बूटही न काढता आत आली आणि हातातला जाड गठ्ठा तिनं आगकाकूंच्या टेबलावर असा आपटला, की चहाचा कप बशीत नाचला.

"परत आला, काकू."

"काय परत आलं?"

"चिमणीचा अर्ज."

आगकाकूंनी आयुष्यात कुणाच्या घराला काडी लावली नव्हती. उलट काडी लावणाऱ्यांना हुडकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. विमा कंपनीत त्या आगीच्या दाव्यांची चौकशी करायच्या. गोदाम जळालं की मालक छाती बडवत यायचा, आणि काकू राखेत काठी घालून विचारायच्या, "चांगला माल आदल्या दिवशी कुठे हलवलात?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या स्वभावालाही ते शोभायचं.

नर्स समोरच्याच घरात राहायची. नवरा गेल्यावर ती नोकरीसाठी इकडे, या परक्या देशात आली, तेव्हा तिची लेक चिमणी शाळेत होती आणि आजीआजोबांकडे तिकडेच राहिली. 'लवकरच बोलावते' म्हणता म्हणता चिमणीचं कॉलेज संपत आलं. आता येत्या शुक्रवारी तिला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. त्याआधी तिला बोलावण्याचा आईचा अर्ज सरकारी खिडकीत दाखल झाला, तर ती मूल म्हणून आईपाशी येणार. एक दिवस जरी उशीर झाला, तरी तिची गणती मोठ्यांत होणार, आणि मोठ्यांची रांग अशी होती की उभं राहताना केस काळे असावेत आणि पुढे सरकेपर्यंत पांढरे व्हावेत.

"आज मंगळवार," काकू म्हणाल्या. "का परत पाठवला?"

गठ्ठ्यावर छापील चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावर कारणांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे एक चौकोन, आणि एकाच चौकोनात टिकलीएवढी खूण: फी अपुरी. खाली ना सही, ना नाव, ना फोन.

"माणसाच्या पोटच्या पोरीचा प्रश्न आहे, आणि उत्तर काय, तर एक खूण!" काकूंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. "फी कमी कशी पडली?"

"आत दोन फॉर्मचे दोन ड्राफ्ट होते. जुन्या फीएवढे. एक तारखेपासून फी दुप्पट झालीय, काकू, आणि आमचा अर्ज त्यानंतर गेला. मी पैसे नव्या दराचेच दिले होते."

"ते ड्राफ्ट कुठं आहेत?"

"काल संध्याकाळी सगळं घेऊन सल्लागारांच्या ऑफिसात गेले होते. ड्राफ्ट आणि पाकीट तिथल्या ताईंनी ठेवून घेतलं. रद्द करून आणावे लागतात म्हणाल्या."

काकूंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "माझ्या वतीने या बाई चौकशी करतील, एवढं लिही. सही कर."

नर्सनं भराभर लिहिलं, सही केली, सहीखाली बारीक अक्षरात तारीख घातली आणि पेन टेबलावर ठेवलं.

"आता एकच सांग," काकू म्हणाल्या. "त्या ऑफिसात पैसे नेऊन कुणी दिले?"

नर्स खिडकीबाहेर बघत राहिली.

"भाऊजींनी," ती म्हणाली.

२

नर्सचा धाकटा दीर मोटरसायकलवरून घरोघर पार्सलं पोचवायचा. आळीत त्याला सगळे उद्याभाऊ म्हणत. नळ गळतोय म्हटलं की "उद्या बघतो", दाढी वाढलीय म्हटलं की "उद्या करतो". भाऊ गेल्यावर वहिनीला एकटं कसं सोडायचं म्हणून तो मागोमाग इकडे आला, आणि हे काम मात्र त्यानं उद्यावर टाकलं नव्हतं. पण मागे एकदा पत्त्यांत पगार घालवून आला होता. माणसाचं चांगलं आळी विसरते, पत्ते विसरत नाही.

काकू नर्सच्या घरी गेल्या तेव्हा तो स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवत होता.

"किती दिलेस त्या ऑफिसात?"

"वहिनींनी दिले तेवढे. सगळे."

"कुणाच्या हातात?"

"टेबलावरच्या ताईंच्या. रोख मागतात, ड्राफ्ट तेच काढतात. वहिनी ड्यूटीवर होत्या."

"पावती?"

"फाइलीवर शिक्का मारला. 'फी पोचली' म्हणून."

"किती पोचली ते लिहिलं?"

त्यानं मान हलवली. काकूंना त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. अरे, एवढे पैसे देतोस आणि आकडा नसलेला शिक्का घेऊन घरी येतोस? पण मग वाटलं, याला तरी काय बोलायचं? शिक्का, टेबल, खुर्ची, भिंतीवर चौकट दिसली की भली भली माणसं पावती मागायला लाजतात.

बोलताना काकूंची नजर फडताळावर गेली. तिथे घरखर्चाच्या पैशांचा बिस्किटांचा डबा असायचा. आता डब्याच्या जागी नुसतं गोल स्वच्छ वर्तुळ होतं, भोवती धूळ. आणि पलीकडच्या कपाटाला नवं कोरं कुलूप.

उद्याभाऊनं काकूंची नजर पाहिली. ताटातला घास त्यानं तसाच ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हालाही तसंच वाटतं का?"

चौकशी संपायच्या आत हो-नाही सांगायचं नाही ही काकूंची जुनी खोड. त्या काहीच न बोलता बाहेर पडल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना ही गोष्ट खुपत राहिली.

३

सल्लागाराच्या ऑफिसात सगळं काचेचं होतं, आणि काचेवर सोनेरी अक्षरं. सल्लागार वकील नव्हता, पण त्याला सगळे 'साहेब' म्हणायचे आणि तो म्हणू द्यायचा.

"मॅडम, फीचं गणित लोकांना कळत नाही," साहेब खुर्ची मागे रेलून म्हणाला. "प्रत्येक फॉर्मचा ड्राफ्ट वेगळा. दोन्हीचा मिळून एक दिलात, गठ्ठा परत. कमी दिलीत, परत. जास्त दिलीत, तरी परत. आणि एकदा खिडकीनं अर्ज ठेवून घेतला, की पुढे नामंजूर झाला तरी फी सरकारची."

"म्हणजे चित भी त्यांची, पट भी त्यांची."

"नियम आहे." साहेब हसला. "आमच्याकडून चूक होत नाही. दर वाढणार म्हणून कळलं, तेव्हा गर्दीसाठी मी आधीच जुन्या दराच्या ड्राफ्टची थप्पी काढून ठेवली होती. गिऱ्हाईक परत जायला नको. उरलेले ताईंनी बँकेत परत केले, पैन् पै माझ्या हातात आणून दिली. अशी शिस्त आहे इथे. आता तुमच्या नर्सबाईंनी फी पूर्ण भरावी, वर आमचं पुनर्दाखल शुल्क."

"तुमच्या हातून गेलेला अर्ज परत आला, त्याचं शुल्क तिनं भरायचं?"

"मेहनत तर लागतेच ना, मॅडम?"

डॉक्टरनं चुकीचा पाय कापावा आणि दुसऱ्या पायाचं बिल आगाऊ मागावं, तसं हे झालं. काकू उठल्या, नाहीतर त्यांच्या हातून पेपरवेट सुटला असता.

बाहेरच्या टेबलावरची ताई मात्र वेगळीच होती. मऊ आवाज, खांद्यावर निळी शाल, रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा खोका. तिच्यासमोर एक म्हातारा आचारी सह्या करत बसला होता.

"आजोबा, नुसती सही," ती समजावत होती. "तारखेच्या चौकटी रिकाम्या ठेवा हं. तुम्ही चुकाल, मग उगाच खाडाखोड. त्या आम्ही भरतो."

आचाऱ्यानं दोन्ही हात जोडले. ताईनं काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काल नर्सताई इथेच बसून रडल्या. मलाही राहवेना. मी त्यांना बोलले नाही, पण तुम्हाला सांगते." तिनं आवाज उतरवला. "त्यांचे दीर पैसे कमीच घेऊन आले होते. म्हणाले, 'उरलेले उद्या आणतो.' मी वाट बघितली. शेवटी मुदत जाईल म्हणून आहे त्यात ड्राफ्ट काढले. घरातलं भांडण आपण कशाला लावायचं, नाही का?"

'उद्या आणतो' हे शब्द इतके उद्याभाऊचे होते, की काकूंनाही क्षणभर ते खरंच वाटलं.

टेबलाच्या कोपऱ्यात टपालशिक्का मारायचं मशीन होतं. पाकीट आत सरकवलं की त्यावर टपालखर्च आणि तारीख उमटते, तिकीट चिकटवायला नको. शेजारच्या ट्रेमध्ये शिक्का मारून झालेली पाकिटं पालथी रचलेली होती. काकूंनी पर्समधून स्वतःचं पेन्शनचं पाकीट काढलं.

"जाता जाता एवढं टाकाल? तिकीट विसरले बघा."

"द्या ना, त्यात काय!" ताईनं मशीनची बारकी चाकं अंगठ्यानं फिरवायला घेतली. कटकट, कटकट, बराच वेळ. "जुनं झालंय, अडकतं," ती हसून म्हणाली, आणि पाकिटावर शिक्का उमटला. आजची तारीख, अगदी बरोबर.

काकू आभार मानून निघाल्या. जिना उतरताना त्यांचा पाय मध्येच थांबला. काहीतरी ऐकलं होतं, आणि ते जुळत नव्हतं.

४

बुधवारी काकू सरकारी कार्यालयात गेल्या. चौकशीच्या खिडकीपुढे माणसं भिंतीला टेकून, पायरीवर, एकमेकांच्या सामानावर बसली होती. काचेपलीकडचा कारकून मान वर न करता बोलायचा.

"फी अपुरी लिहिलंय ना? मग फी अपुरी."

"का अपुरी, ते विचारतेय मी."

"ते आम्ही सांगत नाही."

"अहो, जुन्या फीचा अर्ज तुम्ही सरसकट परत करता का?"

"भिंतीवर लावलंय. पुढचा!"

काकूंचा पारा चढला, पण भिंतीवर खरंच लावलं होतं, माणसाच्या उंचीच्या वर, म्हणजे वाचणाऱ्यानं मान मोडून घ्यावी. प्रत्येक फॉर्मची फी वेगळी भरावी. हाती दिलेले अर्ज चार वाजेपर्यंत घेतले जातील. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात: एक तारखेपूर्वी टपालात टाकलेल्या अर्जांस जुनी फी चालेल. पुरावा म्हणून पाकिटावरील टपालशिक्का ग्राह्य धरला जाईल.

काकूंनी ते पुन्हा वाचलं. मग बाकावर टेकून नर्सचा गठ्ठा पहिल्या पानापासून चाळला. शेवटच्या पानावर नर्सची सही होती, सहीखाली तिची ती मुंगीएवढी तारीख, आणि त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीचा गोल. गठ्ठ्यात दुसरीकडे कुठेच लाल खूण नव्हती.

फी कमी पडली म्हणून अर्ज परत येतो, आणि तपासणारा गोल करतो तो तारखेला? कशासाठी?

त्या घरी पोचल्या तेव्हा नर्स दारातच उभी होती. चेहरा पांढराफटक.

"भाऊजी सकाळपासून नाहीत. फोन बंद. खाली गाडीही नाही." तिचा आवाज फुटला. "आळीत सगळे म्हणतायत, पळाला."

५

"आधी बस," काकू म्हणाल्या. "पाणी पी. आणि पळालाबिळाला म्हणायचं नाही."

"मग कुठे गेले? मी त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं हो!"

"तेच तर. विचारलं नाहीस, कुलूप लावलंस."

नर्सनं ओढणी तोंडाला लावली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. चिमणी होती. काकूंनाही ऐकू यावं इतका तिचा आवाज खणखणीत होता.

"आई, काय झालं गं अर्जाचं?"

"होतंय बाळा. जरा फीचा घोळ झालाय."

"मी वाढदिवस पुढे ढकलला असता, पण जमत नाही ना ते," चिमणी म्हणाली आणि हसली. हसू पुरतं आलं नाही. "काका कसाय?"

काकूंनीच फोन घेतला आणि "काका मजेत आहे" असं ठोकून दिलं. मग फोन बाजूला ठेवून त्यांनी अर्जाचं शेवटचं पान उघडलं.

"आता मला सांग. ही तारीख कुणी लिहिली?"

"मी नाही. ताईंनी सांगितलं होतं, तारखा रिकाम्या ठेवा. मी सगळ्या चौकटी रिकाम्याच ठेवल्या."

"चौकटी तू रिकाम्याच ठेवल्यास, त्या नंतर कुणीतरी दुसऱ्या शाईनं भरल्यात. मी सहीखालची म्हणतेय." काकूंनी मंगळवारचं अधिकारपत्र शेजारी ठेवलं. दोन सह्या, दोन्हींखाली तसेच बारीक आकडे.

नर्स बघतच राहिली. "अगं बाई! वॉर्डात औषध दिलं की सही आणि खाली तारीख. हातच लिहितो, मला कळतही नाही."

"तुला कळलं नाही आणि त्या ताईलाही दिसलं नाही, कारण ती चौकटीच बघत बसली. पण सरकारी तपासनिसाला दिसलं." काकू उठल्या. डोळ्यांत त्यांचा तो जुना विस्तव आला होता. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. चोर तुझ्या घरात नाही."

६

गुरुवारी काचेचं ऑफिस दुपारनंतरच उघडलं; त्या दोघी आत शिरल्या तेव्हा साहेब फोनवर हसत होता. काकूंनी फोनच्या बटणावर बोट ठेवून तो बंद केला.

"साहेब, बाहेर या. तुमच्या शिस्तीची गोष्ट सांगते."

ताई टेबलामागे उभी राहिली. "काकू, पाणी देऊ?"

"नको. तुझं पाणी परवा प्यायले, अजून घशात आहे." काकूंनी अर्जाचं शेवटचं पान टेबलावर पसरलं. "नर्सबाईंच्या पाकिटात जुन्या फीएवढे ड्राफ्ट निघाले. बरोबर तेवढेच. आता मला सांगा, पत्त्यांच्या नादी लागलेला माणूस पैसे उचलतो तेव्हा मुठीत येतील तेवढे उचलतो. जुन्या दरपत्रकाला मोजून चोरी कोण करतो? जो दरपत्रकावर बसलेला असतो तोच."

"ते म्हणाले होते उद्या—" ताईनं सुरुवात केली.

"उद्या म्हणण्याची त्याची सवय तुला कुणी सांगितली?"

"मीच," नर्स म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "फॉर्म भरताना मीच हसत हसत सांगितलं होतं."

"बघा. आता दुसरं. एक तारखेनंतर जुनी फी खिडकी घेत नाही. पण पाकिटावर आधीच्या महिन्याचा टपालशिक्का असेल, तर घेते. नर्सबाईंचा अर्ज परत आला तो लाल गोल होऊन, तारखेभोवती. का? कारण तपासनिसानं पाकीट पाहिलं, शिक्का होता मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. आणि आत अर्जदाराची सही, तिच्याच हातची तारीख, त्यानंतरची. टपालात पडलेल्या पाकिटात मागाहून सही करायला आत कोण शिरलं होतं? म्हणून जुनी फी नामंजूर आणि फी अपुरी. सरकारी माणसाला सगळं कळलं, पण सांगेल तर शपथ! एक गोल काढला आणि झाला मोकळा."

साहेबानं घसा खाकरला. "म्हणजे शिक्का—"

"मागचा. परवा माझं पाकीट टाकायचं होतं, तर हिनं मशीनची चाकं कितीतरी वेळ फिरवली. ट्रेमध्ये तर शिक्का मारलेली पाकिटं आधीच पडलेली. सकाळी ज्या मशीननं आजची तारीख मारली, त्याला दुपारी आजच्या तारखेवर आणायला एवढी कटकट कशाला? कारण ते आजवर नव्हतंच. आणि ड्राफ्ट कुठून आले, तेही तुम्हीच सांगितलंत. उरलेली थप्पी बँकेत गेलीच नाही. ही गिऱ्हाइकांकडून नव्या दराने रोख घ्यायची, आत जुने ड्राफ्ट घालायची, जुन्या दराचे पैसे 'बँकेचे' म्हणून तुमच्या हातात द्यायची, आणि वरचे हिच्या पर्समध्ये. तुम्ही पैन् पै मोजून खूश!"

"हे सगळं मनाचे खेळ आहेत," ताई म्हणाली. आवाज अजून मऊ होता, पण हात ट्रेकडे गेला. काकूंची काठी त्याआधी पोचली.

"साहेब, तुमचं टपाल तुम्हीच उघडा."

वरच्याच पाकिटावर शिक्का होता मागच्या महिन्याच्या अखेरचा. साहेबानं ते फोडलं. आत त्या म्हाताऱ्या आचाऱ्याचा अर्ज होता, ज्यानं परवा काकूंच्या डोळ्यांसमोर सही केली होती, आणि जुन्या फीचे ड्राफ्ट. खालच्या पाकिटांत दुसरं काय निघणार? साहेब एकेक फोडत गेला आणि त्याचा रंग उतरत गेला.

ताई खुर्चीत बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला.

"मी कुणाचं नुकसान केलं? अर्ज पोचत होते की नाही? खिडकी घेत होती की नाही? सरकार एका रात्रीत फी दुप्पट करतं, साहेब वर शुल्क घेतात, ते चालतं! मी घेतले तर पाप? हिनं आपलं शहाणपण करून तारीख टाकली नसती, तर हिचाही पोचला असता."

"शहाणपण?" काकूंचा आवाज काचांना लागला. "ती माणसांना औषध देते बाई, आणि कधी दिलं ते लिहिते, कारण तिच्या सहीवर कुणाचा तरी जीव असतो! तुझ्या शिक्क्यावरही होता. सरकार लुबाडतं ते उघड्यावर, भिंतीवर कागद लावून. त्याला मी शिव्या देईन, मोर्चा नेईन. तू रुमाल देऊन लुबाडलंस. आणि पैशावर थांबली नाहीस, हिच्या घरातल्या भल्या माणसाला चोर करून टाकलंस. कुजबुजून!"

साहेबानं हळूच दार लोटलं.

"मॅडम, हे आपल्यातच ठेवू. ऑफिसचं नाव आहे. नर्सबाईंचे नवे ड्राफ्ट मी भरतो, शुल्क नको. बँकेला सांगतो, उद्या सकाळी पहिल्या प्रथम—"

"उद्या?" नर्स ओरडली. "उद्या शुक्रवार! उद्या ती एकवीसची होते!"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत आले होते. साहेबाची बँक अडीचलाच ड्राफ्ट देणं बंद करायची.

७

काकूंनी आचाऱ्याच्या पाकिटासकट सगळा ट्रे उचलून काखोटीला मारला. साहेब "अहो, अहो" करत राहिला. "याचं काय करायचं ते टपालखात्याला आणि पोलिसांना विचारते," त्या म्हणाल्या, "आणि या प्रत्येक माणसाला मी स्वतः कळवणार आहे. तुमचं नाव राहो नाहीतर जावो."

पण रिक्षात बसल्यावर त्यांनाही काही सुचेना. फॉर्म होते, ड्राफ्ट नव्हते. चोर सापडला आणि वेळ मात्र निसटत होता. नर्स गठ्ठा पोटाशी धरून बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा थांबलं होतं.

"जाऊन त्यांच्या साहेबाच्या टेबलावर बसते," काकू म्हणाल्या. "घेत नाही म्हणजे काय?" पण तो नुसता राग होता, आणि तो खिडकीत चालत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

कार्यालयाबाहेरची रांग फाटकापर्यंत आली होती. रांगेच्या पुढच्या टोकाला, खिडकीपासून चौथ्या-पाचव्या जागी, एक माणूस शर्टाच्या खिशावर हात दाबून उभा होता. दाढी वाढलेली.

"भाऊजी!"

उद्याभाऊ वळला. "आलात? बँकेतून आल्यापासून रांग धरतोय, पाळी आली की पुन्हा मागे जातो. फॉर्म तुमच्याकडे होते, पण आज शेवटचा दिवस, तुम्ही येणारच होतात."

"तुम्ही होतात कुठे?"

"गाडी विकली. काल गिऱ्हाईक मिळालं, आज सकाळी ड्राफ्ट काढले. दोन वेगवेगळे काढलेत, काल इथल्या भिंतीवर वाचून, नव्या दराचे. गाडी गेली तसं काम गेलं, कामाचा फोन होता तो परत द्यावा लागला." त्यानं खिशातून घडी काढली. "रात्री मित्राकडे झोपलो. घरी यावंसं वाटलं नाही."

जन्मभर सगळं उद्यावर टाकणाऱ्या माणसानं आजचे ड्राफ्ट आज आणले होते. काकूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि ट्रेमधली पाकिटं उगाचच सारखी केली.

खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म पाहिले, लाल गोलाचं पान बाजूला काढलं आणि नवं पान पुढे केलं. नर्सनं सही केली, चौकटीत तारीख भरली, आणि सहीखाली पुन्हा एकदा लिहिली. कारकुनानं प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही ड्राफ्ट टाचले, शिक्का उचलला आणि दाबला. पोचला, गुरुवार.

"पुढचा!"

नर्सनं तिथेच फोन लावला. चिमणीचा आवाज ऐकल्यावर मात्र तिला एक शब्द बोलता येईना, म्हणून फोन उद्याभाऊनं घेतला आणि म्हणाला, "काका बोलतोय. झालं गं तुझं."

घरी आल्यावर नर्सनं चपला काढायच्या आधी कपाट उघडलं. डबा काढला, फडताळावर त्या गोल स्वच्छ जागेवर ठेवला आणि कुलूप केराच्या टोपलीत टाकलं. उद्याभाऊ दारातच उभा होता.

"वहिनी, डबा हलवला तेव्हाच मला कळलं होतं," तो म्हणाला. "एकदा विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं."

"चुकले, भाऊजी. त्या बाईनं सांगितलं नसतानाच माझ्या मनात आलं होतं. मला माफ कराल?"

काकूंना वाटलं, आता हा नेहमीसारखा हसून "जाऊ द्या हो" म्हणेल. ताईकडून फीचे पैसे वसूल होतील, साहेबाकडून गाडीचे काढून घेऊ, त्याला आपण आहोतच. पण त्याच्या मनाला लागलेलं हे कुणाच्या खिशातून भरून काढायचं, या विचारानं त्यांच्या रागाला पुन्हा धार आली.

उद्याभाऊ डब्याकडे बघत होता.

"उद्या," तो म्हणाला.

त्याच्या त्या शब्दाला आजवर सगळी आळी हसत आली होती. आज कुणी हसलं नाही. नर्सनं मान हलवली, दोन पानं वाढली आणि त्याचं पान नेहमीच्या जागी मांडलं.